शिबिराच्या अहवालात आपली चूक लिहावी काय?

उतारावरचा (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी ग्रामीण भागातील एका महाविद्यालयात द्वितीय वर्ष कला शाखेत शिकतो, विषय भूगोल. राष्ट्रीय सेवा योजनेतले हे माझे दुसरे वर्ष. जानेवारीत आमच्या दत्तक गावी सात दिवसांचे विशेष हिवाळी शिबिर झाले, त्याचा मी विद्यार्थी प्रमुख होतो. पन्नास स्वयंसेवक, दहा-दहा जणांचे पाच गट, सकाळी प्रभातफेरी, त्यानंतर साडेअकरापर्यंत श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि गटचर्चा, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, असा नेहमीचाच आराखडा होता. श्रमदानाचे काम म्हणून गायरानाच्या उतारावर सलग समतल चर, म्हणजे पावसाचे पाणी अडवून मुरवण्यासाठी एकाच पातळीवर जाणारे लांब खड्डे, खोदायचे ठरले होते.

पहिल्या दिवशी कृषी सहाय्यकांनी आम्हाला ए-फ्रेमने ('A' आकाराच्या चौकटीने) समपातळी कशी शोधायची, ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) मधल्या खुणेवर आला की पायाशी फक्की कशी टाकायची, हे नीट शिकवले. दोन दिवस आम्ही तसेच काम केले. परंतु आखणीला फार वेळ लागत होता आणि शेजारच्या गावात शिबिर घेणाऱ्या दुसऱ्या महाविद्यालयाची मुले रोज 'आज इतके मीटर' असे आकडे फोटोंसह स्टेटसला टाकत होती. समारोपाला पाहुणे येणार होते. चौथ्या दिवशी सकाळी मी निर्णय घेतला की यापुढे दोरी ताणून अंदाजाने सरळ आखणी करायची. आखणी करणाऱ्या गटातील एका मुलीने हरकत घेतली होती. 'आता तेवढा वेळ नाही' असे म्हणून मी विषय संपवला. समारोपाच्या दिवशी आमचे अकरा चर झाले होते, टाळ्याही मिळाल्या.

मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला. दोरीने आखलेल्या चरांपैकी खालचे तीन एका बाजूने फुटले, भराव वाहून गेला आणि मुरूम-माती खालच्या एका शेतकऱ्याच्या काढणीला आलेल्या कांद्यात जाऊन बसली. त्या काकांनी कोठेही तक्रार केली नाही. त्यांनी मला फोन करून एवढेच सांगितले की, 'पोरांनो, एकदा येऊन बघून जा.' मी गेलो, पाहिले आणि काय बोलावे ते न सुचल्याने परत आलो. समोच्च रेषांवर (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांवर) मला अंतर्गत परीक्षेत वीसपैकी अठरा गुण आहेत, हेही येथे सांगून टाकतो.

आता वार्षिक अहवालाचा शिबिराविषयीचा भाग मला लिहायचा आहे. गेल्या पाच वर्षांचे अहवाल मी वाचले. प्रत्येकात 'शिबिर उत्साहात व यशस्वीरीत्या पार पडले' हे वाक्य आहे. माझे प्रश्न दोन आहेत. ही चूक अहवालात लिहावी काय? आणि कार्यक्रम अधिकारी सरांनी पुढील वर्षीही हीच जबाबदारी घेशील का असे विचारले आहे, तर ती घेण्याचा मला अधिकार उरला आहे काय?

---

तेरडा

मी नऊ वर्षे कार्यक्रम अधिकारी होते, आता निवृत्त आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर 'होय, लिहा' असे आहे. परंतु त्याचे कारण प्रामाणिकपणाच्या धड्यापेक्षा अगदी वेगळे आणि बरेच व्यावहारिक आहे.

योजनेत स्वयंसेवक सहसा दोन वर्षे राहतो. वर्षाला १२० याप्रमाणे २४० तास पूर्ण केले आणि एक विशेष शिबिर केले की त्याचे प्रमाणपत्र तयार होते व तो निघून जातो. कार्यक्रम अधिकारीही काही वर्षांनी बदलतो. दत्तक गाव मात्र तेच असते, उतार तोच असतो आणि पाऊस दरवर्षी येतो. म्हणजे गावाच्या बाजूने पाहिले तर आपली एकके (महाविद्यालयांतील योजनेच्या तुकड्या) ही फार तर दोन-तीन वर्षांची स्मृती असलेली माणसे आहेत आणि त्या स्मृतीपलीकडे टिकणारी वस्तू एकच, ती म्हणजे कपाटातली अहवालाची फाईल. तीत 'उत्साहात पार पडले' याखेरीज काही नसेल, तर पुढच्या तुकडीने तीच चूक पुन्हा केल्याबद्दल तिला दोष कसा देणार?

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते आहे. माझ्या तिसऱ्या शिबिरात आम्ही सांडपाण्यासाठी चौदा शोषखड्डे केले. खड्ड्यांत तळाला मोठे दगड आणि वर लहान हे आम्ही व्यवस्थित केले, पण गावाच्या खालच्या आळीत काळी चिकण माती आहे आणि तीत पाणी मुरत नाही, हे पाहिलेच नाही. पावसाळ्यात तेथले सहा खड्डे तुंबले. एका स्वयंसेवकाने ही गोष्ट अहवालाच्या मसुद्यात स्वच्छ लिहिली होती. विद्यापीठाकडे जाणारा कागद आहे, उगाच कशाला, असा विचार करून मी ते वाक्य खोडले. दोन वर्षांनी नव्या मुलांनी मोठ्या उमेदीने त्याच आळीत आणखी पाच खड्डे खोदले, कारण फाईलमध्ये 'चौदा शोषखड्डे, उत्तम काम' असे लिहिलेले होते. त्या पाच खड्ड्यांचे श्रेय माझ्या लाल पेनाला आहे.

योजनेचा प्रारंभ २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह झाला, हे आपण दरवर्षी स्थापनादिनी भाषणात ऐकवतो. ज्यांच्या शताब्दीत ती सुरू झाली त्यांनी १९१९ च्या एप्रिलमध्ये काय केले, ते मात्र क्वचितच सांगितले जाते. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह लोकांची पुरेशी तयारी होण्याआधीच आपण सुरू केला हे लक्षात आल्यावर त्यांनी तो स्थगित केला आणि नडियादच्या सभेत ही आपली हिमालयाएवढी चूक असल्याचे उघडपणे सांगितले. त्यावरून त्यांची थट्टाही झाली. तुमच्या तीन चरांसाठी इतका मोठा दाखला कशाला, असे कोणी म्हणेल; तरीही पुरेशी तयारी नसताना पुढे जाणे ही चूक दोन्हीकडे एकाच जातीची आहे, असे मला वाटते.

लिहिताना 'आमच्याकडून काही त्रुटी राहिल्या' असे गुळमुळीत लिहू नका. कोणत्या दिवशी, कोणी, कशामुळे आखणीची पद्धत बदलली आणि त्याचा परिणाम कोणत्या चरांवर झाला, हे चार वाक्यांत येते. पाचवे वाक्य दुरुस्तीचे असावे, आणि ते लिहिता यावे यासाठी आधी दुरुस्ती करावी लागेल.

---

माजी_जीएस

तेरडा यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र एक सावधगिरी सुचवतो. त्याआधी माझी हकीकत.

१९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर आमच्याकडे महाविद्यालयीन निवडणुका बंद झाल्या होत्या आणि वर्गप्रतिनिधी गुणांवरून ठरत असे. (२०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली, तो वेगळा विषय.) मी १९९८ मध्ये असाच, केवळ गुणपत्रिकेच्या बळावर, प्रथम वर्गप्रतिनिधी आणि मग जीएस (विद्यार्थ्यांचा सचिव) झालो. तोपर्यंत मी घरच्या गणपतीची वर्गणीसुद्धा गोळा केलेली नव्हती. निवडून आलेल्या मुलाला निदान चार लोकांची मनधरणी करण्याचा सराव असतो. मला कोणाला साधे 'जरा खुर्च्या उचल' म्हणायचीही लाज वाटे, म्हणून मी सगळे स्वतःच करत असे आणि हेच आपले नेतृत्व आहे, असे समजत असे.

स्नेहसंमेलनात मंडपवाल्याला उचल दिली, पावती घेतली नाही. ध्वनिक्षेपकवाल्याला वाढीव तासांचे पैसे रोख दिले, तेही तसेच. हिशेब लागेना तेव्हा ३,२०० रुपयांची तूट निघाली. मी ती शिकवणीच्या पैशांतून आणि थोरल्या बहिणीकडून उसने घेऊन भरली आणि कोणाला कळू दिले नाही. आपण फार उदात्त काही केले, असे मला कित्येक महिने वाटत होते. पुढच्या वर्षीच्या जीएसने अंदाजपत्रक नेले तेव्हा त्याला कार्यालयातून उत्तर मिळाले की, गेल्या वर्षी एवढ्याच पैशांत झाले होते, मग यंदा जास्त कशाला? माझी लपवलेली तूट हाच त्याच्यासाठी दर होऊन बसला होता. तो मुलगा हिशेबात कच्चा आहे, असे सगळीकडे झाले. मी तेव्हा तृतीय वर्षात होतो, कँटीनमध्ये त्याच्याच टेबलावर बसून ते ऐकत होतो आणि तरीही बोललो नाही. पैशांचे मला आज काही वाटत नाही. त्या टेबलाचे वाटते.

आता सावधगिरी. अहवालावर सही तुमच्या सरांची असते. वरिष्ठांकडून विचारणा झाली तर ती त्यांच्याकडे होईल, तुमच्याकडे नव्हे. म्हणून मसुदा त्यांच्या टेबलावर ठेवताना 'सर, हा परिच्छेद मी असा लिहिला आहे, तुम्हाला अडचण होईल काय?' असे आधी विचारा. दुसऱ्याच्या सहीवर आपले प्रायश्चित्त घेऊ नये. ते नको म्हणाले, तर निदान एककाच्या नोंदवहीत लिहून ठेवा, कारण पुढची मुले वाचतात ती नोंदवहीच.

---

मुरूम_आणि_माती

मी कृषी विभागात क्षेत्रीय काम करतो. आपल्या भागातला नाही, त्यामुळे आपल्याला शिकवणारा मी नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. चर्चा अहवालाची चालली आहे, पण जूनपूर्वी उतारावर काय करायचे ते कोणीतरी सांगायला हवे.

समपातळीवर नसलेला चर हा चर नसून पाट असतो. एक साधा हिशेब करा. चाळीस मीटर लांबीच्या चराला लांबीच्या दिशेने एकच टक्का उतार राहिला, तरी दोन टोकांच्या पातळीत ४० सेंटीमीटरचा फरक पडतो. चराची खोली ३० सेंटीमीटर धरली, तर वरचे टोक कोरडेच राहते आणि सगळे पाणी खालच्या टोकाला जमून भरावावरून सांडते. एकदा सांडू लागले की ते भराव कापते, ओघळ पडते आणि खालचा चर वरच्याच्या पाण्याने फुटतो. म्हणजे काहीच न खोदता जे पाणी सगळ्या उतारावर पसरून वाहिले असते, ते आपण एका जागी गोळा करून त्या शेतकऱ्याच्या बांधावर सोडले. डोळ्याला एक टक्का उतार दिसत नाही. म्हणूनच ओळंबा लागतो.

दुरुस्ती मात्र अवघड नाही. सगळे चर बुजवण्याची गरज नाही. चरात दर चार-पाच मीटरवर आडवा मातीचा बांध घाला, चांगला ठोकून घ्या आणि त्याचा माथा भरावापेक्षा खाली ठेवा. पाच मीटरच्या कप्प्यात एक टक्का उताराला पातळीचा फरक पाचच सेंटीमीटर उरतो आणि पाणी जागच्या जागी थांबते. फुटलेल्या ठिकाणी नुसती माती टाकू नका, ती पहिल्याच सरीला जाईल. आतून दगड रचून मग माती दाबा. भराव चराच्या खालच्या अंगालाच असला पाहिजे, आणि चराची कड व भराव यांत वीतभर जागा सोडा, नाहीतर भराव पुन्हा चरात घसरतो. पडलेल्या ओघळीत दोन-तीन ठिकाणी दगडांचे छोटे बांध घाला. काम नेहमी माथ्याकडून पायथ्याकडे करत यावे. खालचे आधी दुरुस्त केले आणि वरचे तसेच राहिले, तर श्रम वाया जातात.

वीस जण असतील तर दोन सकाळींचे काम आहे. मे महिन्यात मुरूम टणक होतो, टिकाव चांगले न्या.

---

फक्कीवाली

मी आपल्या महाविद्यालयातील नाही, परंतु आखणीच्या गटात असणारी आणि हरकत घेणारी मुलगी प्रत्येक शिबिरात असते. आमच्या शिबिरात ती मी होते. त्यामुळे मूळ प्रश्न वाचताना मला जे खटकले ते लिहिते. राग मानू नये.

आपल्या एवढ्या मोठ्या मजकुरात तिला एकच वाक्य मिळाले आहे आणि त्याचाही शेवट आपल्याच निर्णयाने होतो. चूक लिहावी का, पद घ्यावे का, आपल्याला अधिकार उरला आहे का, हे सर्व प्रश्न आपल्याविषयी आहेत. पश्चात्ताप करणारा माणूससुद्धा किती सहजपणे व्यासपीठाच्या मध्यभागी उभा राहतो, हे मी आमच्या शिबिरात पाहिले आहे. आमच्या प्रमुखाने शेवटच्या रात्री शेकोटीपाशी डोळ्यांत पाणी आणून सर्वांची माफी मागितली, सगळे भारावून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या कामाला पुन्हा आम्हीच सहा मुली होतो. सातही दिवस स्वयंपाकाच्या गटाची पाळी बदलायची असे कागदावर ठरले होते. ती एकदाही बदलली नव्हती, आणि त्याच्या माफीच्या यादीत हा विषयच नव्हता, कारण ती चूक त्याला दिसलीच नव्हती.

आपल्याला दिसलेली चूक पावसाने दाखवून दिली. चौथ्या दिवशी सकाळी एका व्यक्तीने ती पावसाच्या दोन महिने आधी दाखवली होती. माझ्या मते अहवालात लिहिण्याजोगी गोष्ट नेमकी ही आहे की, शिबिरात काम थांबवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. आखणी करणाऱ्याने 'ही रेषा चुकली आहे' म्हटले की फावडे थांबले पाहिजे, मग प्रमुख कोणीही असो. आणि हो, तिला विचारल्याखेरीज अहवालात तिचे नाव घालू नका. काही जणींना श्रेय हवे असते, काहींना नुसते ऐकले जाणे पुरते.

---

माजी_जीएस

फक्कीवाली यांचा प्रतिसाद वाचून मी माझाच प्रतिसाद पुन्हा वाचला. कँटीनच्या टेबलाचे मी जे लिहिले, त्यातही त्या मुलाचे पुढे काय झाले हे नाही. तो दुसऱ्या सत्रात राजीनामा देऊन मोकळा झाला. हे मला माहीत होते आणि तरी लिहिताना राहून गेले.

---

तेरडा

काम थांबवण्याच्या अधिकाराचा मुद्दा मी नऊ वर्षांत एकाही अहवालात वाचलेला नाही. आमच्या काळी विद्यार्थी प्रमुख निवडताना आम्ही आवाज मोठा कोणाचा आणि शिट्टी कोण चांगली वाजवतो, एवढेच पाहत असू, हे कबूल करायला हवे. दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र माझे मत सांगते. एकदा चुकलेल्या आणि ते स्वतः जाऊन पाहिलेल्या मुलाला बाजूला करून कोरी पाटी असलेला दुसरा प्रमुख नेमला, तर गाव पुन्हा पहिल्या इयत्तेत जाते. 'अधिकार' हा शब्द येथे मला फारसा पटत नाही. गावाला तुमचा काही उपयोग आहे का, एवढेच पाहा.

---

उतारावरचा

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, क्षमस्व. सर्वांचे मनापासून आभार. फक्कीवाली यांचे विशेष, जरी त्यांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस मी येथे फिरकलो नव्हतो.

आखणीच्या गटातील त्या मुलीशी बोललो. ती म्हणाली की, त्या सकाळी तुझ्याशी भांडण्यापेक्षा नंतर काहीच न बोलता मीही दोरी धरली, याचे मला जास्त वाईट वाटते. यावर मी काही उत्तर देऊ शकलो नाही. नाव नको, असे तिने सांगितले.

परीक्षा संपल्यावर आम्ही चौदा जण दोन रविवारी गावी गेलो. पहिल्या दिवशी फक्त मोजणी केली. दोरीने आखलेल्या सातही चरांत उतार निघाला. तिसऱ्यात तर दोन टोकांत ५५ सेंटीमीटर. आखणी तिनेच केली आणि दोन ठिकाणी आम्हाला थांबवलेही. कांद्याचे नुकसान काकांनी किती झाले ते सांगितले नाही, आम्ही वर्गणीचे नाव काढताच ते चिडले. उलट दुपारी ताक आणून दिले. त्यांच्या बांधालगतची ओघळ मात्र आधी बांधून घ्या, असे त्यांनी सांगितले. माथ्याकडून यायचे असे आम्हाला येथे शिकवले होते, तरी आम्ही त्यांचे ऐकले, कारण त्यांना पुन्हा थांबायला सांगण्याचे धाडस झाले नाही. हे चुकले असेल तर सांगावे.

सरांनी परिच्छेद वाचला. 'अक्षम्य' हा शब्द खोडला, बाकी सर्व तसेच ठेवले आणि खाली दुरुस्तीची तारीख घालायला सांगितली. पुढील वर्षाची जबाबदारी मी घेतली आहे. आखणी गटाला काम थांबवण्याचा अधिकार राहील आणि स्वयंपाकाच्या पाळीचा तक्ता रोज सकाळी वाचून दाखवला जाईल, या दोन गोष्टी नियोजनाच्या बैठकीच्या इतिवृत्तात आल्या आहेत. दुसऱ्या गोष्टीवर बरीच कुरकुर झाली, विशेषतः मुलांकडून.

मुरूम_आणि_माती यांना एक विचारायचे आहे. वरच्या दोन चरांत वीस सेंटीमीटरवरच खडक लागतो, टिकाव उसळतो. तेथे काय करावे?

---

मुरूम_आणि_माती

ओघळ आधी बांधली म्हणून बिघडत नाही, फक्त वरचे काम पावसापूर्वी पूर्ण करा. अर्धवट राहिले तर तेवढाच बांध सगळा जोर घेईल. खडक लागतो तेथे चराचा हट्ट सोडा. त्याच समपातळी रेषेवर दगडांचा सलग बांध रचा, गुडघ्याच्या खाली राहील इतकाच, मोठे दगड तळाला आणि फटी लहान दगडांनी भरून. दगड गायरानातच मिळतील, पण उचलताना खाली विंचू असतात. हातमोजे न्या.